दमेकरी लेकरू, हवापालट आणि आपले पाचट



आपल्या पत्रिकेत लागवड, खते, खोडव्याची निगा, तोडणीचे पाळीपत्रक यांवर लेख येतात. मी आज लेकरांच्या दम्यावर लिहितो आहे. संपादकांनी पहिल्यांदा विचारले, "आबा, हा विषय आपल्या पत्रिकेत बसतो का?" मी म्हणालो, शेवटपर्यंत वाचा आणि मग ठरवा. त्यांनी छापला आहे, तेव्हा आपणही पुरता वाचावा ही विनंती. मी डॉक्टर नाही. चाळीस वर्षे ऊस लावणारा माणूस आहे. माझ्या हातून झालेली चूक दुसऱ्याच्या हातून होऊ नये एवढ्यासाठी लिहितो.

थोरला मुलगा पुण्याला नोकरीस आहे. त्याचा मुलगा, म्हणजे माझा नातू, त्या वेळी सात वर्षांचा होता. चौथ्या वर्षापासून त्याला दमा. रात्री दोन-अडीचला खोकला सुरू व्हायचा, मग छातीत शिट्टी वाजायची, मग श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जायच्या. ज्यांच्या घरी हे आहे त्यांना जास्त सांगायला नको. पुण्याच्या डॉक्टरांनी दोन पंप दिले होते. एक रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, दुसरा धाप लागली तरच.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीला सगळे गावी आले तेव्हा मी सुनेला म्हणालो, "पोराला इथंच ठेवा. तुमच्या पुण्यात नुसता गाड्यांचा धूर. इथं मोकळं शिवार, घरचं दूध. महिन्यात पोरगं दणकट होतंय का नाही बघा." सून म्हणाली, "आबा, आधी डॉक्टरांना विचारू." मी म्हणालो, "त्यात डॉक्टरांना काय विचारायचं? आमच्या टायमाला हवापालट हेच औषध होतं." घरातला मोठा माणूस बोलला म्हटल्यावर ती बिचारी गप्प बसली. पोरगं राहिलं, गावच्या शाळेत बसू लागलं.

पहिले तीन आठवडे काय सांगावे! पोरगं दिवसभर बांधावर हुंदडत होतं, बोरं गोळा करत होतं. रात्री एकदाही उठलं नाही. मी पारावर बसून सगळ्यांना सांगायचो, बघा, हवेचा गुण. आणि मग मी शहाणपणा केला. रोजचा पंप बंद केला. पंपाची सवय लागते, एकदा धरला की जन्मभर सुटत नाही, असे मी चार ठिकाणी ऐकले होते. मुलाला आणि सुनेला कळवले नाही. चांगल्या मनाने केले, पण केले मीच.

डिसेंबरात आमचा दोन एकरांचा ८६०३२ तुटला. टोळी पुढच्या फडात गेली आणि दुसऱ्या दिवशी सांजच्याला मी पाचट पेटवले. नेहमीप्रमाणे. बापानेही पेटवले होते, मीही पेटवत होतो. वारा पडलेला होता, थंडी कडक. धूर वर चढलाच नाही. वस्तीवर, उसावर, पाटावर पातळ पांढरी चादर अंथरल्यासारखा पसरून राहिला. थंडीच्या दिवसांत असे होते, हे आपण सगळे पाहतो. जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्यामानाने उबदार असली की धूर वर जात नाही, सकाळी ऊन चढेपर्यंत तिथेच कोंडून राहतो.

रात्री एकच्या सुमारास पोराने मला हलवले. तोंडातून शब्द फुटत नव्हता. ओठ निळसर पडले होते. धाप लागल्यावर घ्यायचा पंप कपाटात सापडला, तो दिला, पण तेवढ्याने भागेना. शेजाऱ्याची जीप काढून तालुक्याला गेलो. डॉक्टरांनी प्राणवायू लावला, यंत्राने औषधाची वाफ दिली, इंजेक्शन दिले. पहाटे चारला पोराचा डोळा लागला. तोवर मी बाहेरच्या बाकड्यावर बसून होतो, आणि माझ्या सदऱ्याला पाचटाच्या धुराचा वास येत होता.

शेजारच्या खाटेवर आणखी एक लेकरू होते. पाच-सहा वर्षांचे, तशीच धाप, तोच प्राणवायू. त्याची आई खाली भिंतीला टेकून बसली होती. चेहरा ओळखीचा वाटला. तिनेच विचारले, "मालक, तुमचं बी हितंच का?" आमचा फड तोडून गेलेल्या टोळीतलीच बाई. बालाघाटाच्या माळावरच्या गावची. मी विचारले, पोराला हे कधीपासून? ती म्हणाली, "गावाकडं असलं की बरं असतंय हो. दर साली हिकडं आलं की धरतंय. तिकडं कोरडं, हिकडं समदा वलावा आन धूर. म्हातारीपाशी ठेवावं म्हणलं तर म्हातारी बी गेली औंदा."

सभासदहो, त्या रात्री एका खोलीत दोन लेकरे होती आणि दोघांचाही हवापालट झालेला होता. एकाचा आजोबाने हौसेने केलेला, दुसऱ्याचा कोयत्यामागे फरपटत झालेला. आणि दोघांच्या छातीत गेलेला धूर एकाच फडाचा होता. माझ्या.

त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागलो. डॉक्टरांना विचारले, वाचनालयातून पुस्तके आणली, नातवाच्या बापाने मोबाईलवर शोधून दिले ते वाचले. जे समजले ते माझ्या भाषेत मांडतो.

हवापालट हे औषध, ही समजूत आपल्याकडे आली कुठून? मला वाटते ती क्षयाच्या जमान्यातून आली. क्षयावर औषध नव्हते तेव्हा रोग्याला उंच, कोरड्या, मोकळ्या हवेच्या ठिकाणी नेऊन ठेवणे एवढेच वैद्यांच्या हातात होते. पाचगणीला डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ साली आरोग्यधाम काढले ते त्यासाठीच. मिरजेजवळ वानलेसवाडीलाही क्षयाचे मोठे आरोग्यधाम होते. पुढे स्ट्रेप्टोमायसिन व इतर औषधे निघाली. मग मद्रासला एक प्रयोग झाला, तो आपण भारतीयांनी अभिमानाने सांगावा असा आहे. क्षयाच्या काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवून औषध दिले आणि काहींना त्यांच्याच दाटीवाटीच्या, गरिबीच्या घरात ठेवून तेच औषध दिले. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. घरी राहून औषध घेणारेही जवळजवळ तितकेच बरे झाले. त्यानंतर जगभर क्षयाची आरोग्यधामे हळूहळू ओस पडली. गुण हवेपेक्षा औषधाचा होता, हे कळले. आरोग्यधामे गेली तसा हवापालटाचा शब्द मात्र आपल्या तोंडातून गेला नाही. तो आपण दम्याला चिकटवला.

दमा हा तर वेगळाच रोग. श्वासनळ्यांच्या आतल्या अस्तराला सूज असते. त्यात भर म्हणून एखादी न मानवणारी गोष्ट आत गेली की नळ्या आवळतात, आत चिकट कफ साठतो, आणि हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणे कठीण होते. न मानवणारी गोष्ट प्रत्येकाची वेगळी. कोणाला धूर, कोणाला गवताचे पराग, कोणाला अंथरुणातली धूळ आणि त्यातले डोळ्यांना न दिसणारे किडे, कोणाला भिंतीवरची बुरशी, कोणाला नुसती थंड हवा, तर पुष्कळ लेकरांना साधे पडसे. गाव बदलले की यांतल्या काही गोष्टी मागे राहतात आणि काही नव्या पुढ्यात येतात. हवापालट म्हणजे एवढेच. सूज मात्र लेकराच्या छातीत असते, ती एस.टी.त बसून त्याच्याबरोबरच येते.

म्हणून काही वेळा हवापालटाचा गुण खरोखर दिसतो, हेही नाकारू नये. अंथरुणातल्या त्या किड्यांना जगायला हवेत ओलावा लागतो. उंच, कोरड्या डोंगरावर ते फारसे टिकत नाहीत. म्हणून स्वित्झर्लंडमधल्या दावोसला डच लोकांनी आपल्या दमेकऱ्यांसाठी इस्पितळ चालवले. तिथे रोग्याला आराम पडतो, आणि खाली सपाटीवरच्या आपल्या ओल्या मुलुखात परत आला की दुखणे पुन्हा डोके काढू शकते. आपल्याकडे डोंगर म्हटला की पाचगणी-महाबळेश्वर आठवते, पण तिथला पावसाळा पाहा. चार महिने धुके, भिंतींना ओल, कपड्यांना बुरशी. उन्हाळ्यात पाहिलेली पाचगणी आणि श्रावणातली पाचगणी ही दमेकऱ्याच्या दृष्टीने दोन वेगळी गावे आहेत.

परदेशातली दोन उदाहरणे सांगतो. अर्जेंटिनात एका कुटुंबातल्या दोन वर्षांच्या मुलाला १९३० साली दमा जडला. आईबापांनी या गावाहून त्या गावाला हलवले आणि शेवटी कोरडी हवा म्हणून डोंगराच्या पायथ्याच्या आल्ता ग्रासिया या गावी बिऱ्हाड केले. त्याला तिथे थोडे बरे वाटले, म्हणून कुटुंब वर्षानुवर्षे तिथे राहिले. पण दमा गेला नाही. तो मुलगा पुढे क्युबाच्या क्रांतीत लढला, १९५९ साली आपल्या देशालाही भेट देऊन गेला. चे गेव्हारा त्याचे नाव. जंगलात लढतानाही त्याला दम्याच्या औषधाची चिंता असे, आणि मरेपर्यंत त्याने दम्याशी झुंज दिली.

दुसरे उदाहरण आपल्या फार जवळचे आहे, ऐकायला लांबचे असले तरी. अमेरिकेत ॲरिझोना नावाचे वाळवंटी राज्य आहे. गेल्या शतकात तिथले डॉक्टर दमेकऱ्यांना सांगत, ॲरिझोनाला राहायला जा, हवा कोरडी आहे, पराग नाहीत. लोक कुटुंबकबिल्यासह गेले. गेल्यावर त्यांना आपल्या जुन्या गावची आठवण येऊ लागली. पाणी आणले, घरापुढे हिरवळी केल्या, तुतीची आणि ऑलिव्हची झाडे लावली. काही वर्षांत त्या वाळवंटात परागच पराग झाले. शेवटी १९८० च्या दशकात तिथल्या टुसॉन शहराच्या परिसरात तुती आणि ऑलिव्हची रोपे विकण्यावर बंदी घालावी लागली. ज्या हवेसाठी लोक गेले ती हवा त्यांनीच बदलून टाकली.

आता आपल्या तालुक्याकडे बघू. आपला श्रीगोंदा अवर्षणाचा. माझ्या लहानपणी ज्वारी, बाजरी, मटकी, आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण. मग घोडचे पाणी आले, कुकडीचे आवर्तन आले, ऊस आला. पाण्याने आपल्याला माणसात आणले, त्याबद्दल माझ्या मनात दुसरा विचार नाही. पण पाण्याबरोबर हवाही बदलली. दिवस मावळला की उसात शिरून बघा, गारठा लगेच अंगाला झोंबतो. पाटाच्या कडेला गाजर गवत कमरेएवढे वाढते. हे गवत १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेस आले आणि तिथून सगळ्या देशात पसरले. त्याच्या परागाने शिंका, खाज आणि कित्येकांना दमा होतो. म्हणजे ज्या पुण्याच्या हवेपासून मी नातवाला वाचवायला निघालो होतो, त्या पुण्याचे गवत माझ्या बांधावर आधीच येऊन बसले होते. आपण गाव सोडले नाही, पण आपल्या लेकरांचा हवापालट जागच्या जागी झाला आहे. पूर्वीची कोरडी हवा गेली.

आणि तरीही मी म्हणतो, ओलावा आणि थंडी आपल्या हातात नाही, धूर आहे.

कारखान्याच्या चिमणीची काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर दिसते, म्हणून तिच्याविषयी ऑफिसात अर्ज येतात, सभेत भाषणे होतात. व्हावीत. पण पाचटाचा धूर आपल्याच काडीचा असतो, म्हणून त्याविषयी एकही अर्ज मी आजवर पाहिला नाही. हल्ली तर उभा ऊस पेटवून तोडण्याची खोड लागली आहे. टोळी म्हणते, पेटवून द्या, लवकर तोडतो. आपण पाळी गाठायची म्हणून देतो. जळीत उसाला कपात बसते, वजन घटते, तरी देतो. आणि मग त्या टोळीच्याच कोप्यांवर तो धूर रात्रभर बसतो.

पाचटाचा हिशेब आपल्यातल्या पुष्कळांना पाठ आहे, तरी पुन्हा सांगतो. एकराला तीन ते चार टन पाचट निघते. एका टनात चार-पाच किलो नत्र असते, थोडे स्फुरद, त्याहून जास्त पालाश, आणि बाकी सगळा सेंद्रिय माल, जो आपल्या पाण्याने चोपण होत चाललेल्या जमिनीला दुकानातून विकत मिळत नाही. काडी लावली की नत्र आणि सेंद्रिय माल धुरात जातो. ठेवायचे असेल तर टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून, ओल धरून सरीत दाबावे. खोडव्याचे बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटावेत आणि त्यांच्यावर पाचट राहू देऊ नये, म्हणजे फुटवा दबत नाही.

यावर आक्षेप येतो की उंदीर होतात, साप लपतो, पाणी सरीला पुढे सरकत नाही, आणि मजूर कुठून आणायचा. पहिले पाणी जड जाते, खरे आहे. मलाही गेले. उंदीर पहिल्या वर्षी दिसले. पण तीन खोडवी झाली, मी काडी लावलेली नाही, आणि पाण्याची एखादी पाळी वाचते हा माझा अनुभव आहे. ज्याला हे जमणार नाही त्याने निदान सांजेला पेटवू नये एवढे म्हणावे, असे एका सभासद मित्राने सुचवले. मला ते पटत नाही. दुपारी पेटवलेलेही रात्री धुमसतच असते.

आता त्या दुसऱ्या लेकराकडे येतो. आष्टी, पाटोदा, पाथर्डी, जामखेड या बाजूच्या टोळ्या दसरा-दिवाळीनंतर आपल्याकडे येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. काही आपली लेकरे गावी ठेवून येतात, शासनाच्या वसतिगृहांची सोय काही ठिकाणी झाली आहे. पण लहान लेकरू आणि दुखणेकरी लेकरू आईबापांबरोबरच येते, कारण त्याला कोणापाशी ठेवणार? म्हणजे ज्याला सांभाळायला हवे नेमके तेच फडावर येते. पहाटे चारला आई तोडीला निघते तेव्हा तेही थंडीत गाडीवर असते. कोपीत पाचटाचे अंथरूण, वर ताडपत्री, दारात चूल, चुलीत पुन्हा पाचट आणि चिपाडे. उज्ज्वलाची टाकी पुष्कळांकडे आहे हो, पण ती गावाकडच्या कुलूप लावलेल्या घरात. आणि कोप्या आपण कुठे घालू देतो? जिथे पीक येत नाही तिथे. पाटाच्या कडेला, ओलीत, नाहीतर जुन्या भुशाच्या ढिगाच्या वाऱ्यावर. त्या साठलेल्या भुशाच्या बुरशीने कामगारांच्या फुफ्फुसाला दुखणे होते, हे तर साखरधंद्यात जगभर नोंदलेले आहे.

त्या बाईच्या लेकराला गावाकडे कोणते औषध चालू होते, हे डॉक्टरांनी विचारले तेव्हा तिला सांगता येईना. चिठ्ठी गावी राहिली होती. माझ्या नातवाचीही चिठ्ठी पुण्यातच होती. एवढा मोठा बागायतदार मी, आणि त्या रात्री दोघांच्याही हातात कागद नव्हता.

ज्यांना मुलासाठी गाव बदलायचेच आहे, मग ते पुण्याहून इकडे असो की इकडून पुण्या-मुंबईला, त्यांना डॉक्टरांनी मला सांगितले तेच सांगतो. कायमचे बिऱ्हाड हलवण्याआधी त्या ठिकाणी लेकराला थंडीत एकदा आणि पावसात एकदा राहवून पाहावे. पहिल्या पंधरा दिवसांवर भाळू नये. औषधाची चिठ्ठी, पंप आणि लेकराला काय चालत नाही त्याची एक साधी वही जवळ असावी, आणि जाण्याआधीच नव्या गावचा डॉक्टर ठरवून ठेवावा. शाळेतल्या गुरुजींना, बाईंना पंप कुठल्या खिशात आहे ते माहीत असावे. रोजचा पंप आपल्या मनाने बंद करू नये. त्याचा गुण उतरायला काही दिवस ते काही आठवडे लागतात आणि दमेकरी त्या काळात गाफील असतो. माझ्या नातवाचे नेमके तेच झाले होते. तीन आठवडे मला जो हवेचा गुण वाटला तो बहुतेक पुण्याच्या पंपाचा होता.

पंपाची सवय लागत नाही. हे मी डॉक्टरांना तीनदा विचारून घेतले. धापेचा पंप एका दाबाला १०० मायक्रोग्रॅम औषध देतो, त्याच औषधाची गोळी २ ते ४ मिलिग्रॅमची, म्हणजे वीस ते चाळीस पट. पंपातले थेट छातीत जाते, म्हणून थोडे पुरते. लहान लेकराला पंपापुढे स्पेसर, म्हणजे प्लास्टिकचा लांबट डबा, लावून द्यावा लागतो, नाहीतर औषध जिभेवरच राहते. आपण मात्र पंपाला भितो आणि मृगाला हैदराबादला जाऊन जिवंत मासा गिळायला घाबरत नाही. त्या माशाच्या औषधाचा गुण शास्त्राच्या कसोटीवर सिद्ध झालेला नाही. श्रद्धेने जाणाऱ्याला मी अडवणार नाही, पण जाताना पंप बरोबर न्यावा. २०१९ च्या जागतिक अंदाजानुसार जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के आपल्या देशात आहेत, पण दम्याने मरणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक आपले आहेत. या फरकाचे एक मोठे कारण म्हणजे रोजचे औषध न मिळणे आणि मिळाले तरी न घेणे. हवा त्याला एकटी जबाबदार नाही.

नातू आता पुण्यात आहे, दहा वर्षांचा झाला. दमा आहे, पंपही आहे, आणि तो शाळेत खो-खो खेळतो. सुट्टीला येतो. सून आली की तिची पिशवी पहिल्यांदा उघडून पंप दाखवते, "आबा, हा इथं ठेवलाय." मी निमूट मान डोलावतो.

ते दुसरे लेकरू दुसऱ्या वर्षी आले नाही. टोळी दुसरी आली होती. मुकादमाला विचारले तर तो म्हणाला, ते जोडपे कर्नाटकात गेले. त्याच्यापुढे मला काही कळले नाही.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत "मा. अध्यक्षांचे परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय" यात माझा ठराव वाहून जाऊ नये, म्हणून तो मी लेखी आणि मुदतीत देणार आहे. मागणी फार मोठी नाही. गाळप सुरू होण्याआधी शेतकी खात्याने प्रत्येक गटात कोप्यांसाठी कोरडी, उंच, भुशापासून लांबची जागा ठरवावी आणि त्या जागेच्या आसपासच्या फडांत हंगामभर काडी लागणार नाही, हे त्या सभासदांनी लिहून द्यावे. जळीत उसाची कपात आहे तशी पाचट ठेवणाऱ्याला काही सवलत असावी, निदान जिवाणू तरी कारखान्याने फुकट द्यावेत. टोळी उतरली की पहिल्या आठवड्यात लेकरांची तपासणी व्हावी, दमेकरी लेकराच्या नावाची वही निघावी, ती वही जाताना आईच्या हातात द्यावी. गटाच्या ऑफिसात दोन धापेचे पंप आणि दोन स्पेसर ठेवावेत, आणि ते कसे द्यायचे ते स्लिपबॉयला डॉक्टरांनी शिकवावे. ज्या टोळीला हवी तिला पाच किलोची गॅसची लहान टाकी मिळवून द्यावी, पैसे हिशेबातून वळते करावेत.

खर्च कुठून, असे विचारले जाईलच. टनामागे किती पैसे लागतील ते मी मांडून आणणार आहे. उचल बुडवून टोळी पळाली तर आपण जेवढे हळहळतो त्याहून तो आकडा लहान असेल, असा माझा अंदाज आहे.

ठरावाला सूचक मी आहे. अनुमोदक पाहिजे. ज्यांच्या घरी दमेकरी लेकरू आहे, किंवा ज्यांनी औंदा पाचट पेटवले नाही, अशा कोणा सभासदाने सभेच्या आधी आठ दिवस गटाच्या ऑफिसात आपले नाव द्यावे. मी दर मंगळवारी तिथे असतो.

— एक ऊस उत्पादक सभासद